नाकवालीचे तीनशे शब्द

मावशींचं काम वास घेण्याचं होतं. हे ऐकलं की लोक हसतात, म्हणून आधीच सांगून टाकते. एकवीस वर्षं त्या एका डेअरीच्या कट्ट्यावर उभ्या होत्या. पहाटे ट्रक यायचे, हमाल दुधाचे कॅन उतरवून ओळीनं लावायचे आणि मावशी त्या ओळीतून चालत जायच्या. डाव्या हातानं झाकण उचलायचं, नाक खाली न्यायचं, एक श्वास घ्यायचा, झाकण परत. "चालेल." पुढचा. "चालेल." पुढचा. "परत." त्यांनी 'परत' म्हटलं की तो कॅन ट्रकमध्ये उलटा चढायचा, मग दूधवाल्यानं कितीही गयावया केली तरी. एका सकाळी तीनशेच्या वर कॅन व्हायचे. मोजमापाच्या नळ्या, कागद, शाई, सगळं होतं तिथं, पण ते नंतर. आधी मावशींचं नाक.

त्या नाकाची निगाही तशीच होती. घरात सुगंधी साबण नाही, केसांना वासाचं तेल नाही, दात नुसत्या मिठानं घासायचे, कामाआधी चहासुद्धा नाही. नवरा बसचालक, त्याला विड्यांचं व्यसन. लग्नाला वर्ष व्हायच्या आत मावशींनी त्याला सांगितलं, "एकतर विडी घरात राहील, नाहीतर मी." त्यानं म्हणे विचार करायला दोन दिवस मागून घेतले. हा किस्सा तो स्वतःच चारचौघांत रंगवून सांगायचा आणि शेवटी म्हणायचा, "अजून विचार चालूच आहे." विडी मात्र त्यानं सोडली ती सोडलीच.

गाईनं आदल्या दिवशी कांद्याची पात खाल्ली असेल, कॅन सोड्यानं धुऊन नीट विसळला नसेल, कालचं उरलेलं दूध आजच्यात मिसळलं असेल, धार काढणाऱ्यानं रॉकेलचे हात लावले असतील, मावशींना एका श्वासात कळायचं. डेअरीत त्यांना 'नाकवाली' म्हणत. पाठीमागे दूधवाले आणखी बरंच काही म्हणत.

मग डेअरीनं यंत्र आणलं. दूध आता बाहेरच्या बाहेर थंड होऊन टँकरनं यायला लागलं. टँकरला नळी लावली की यंत्रावर आकडे उमटायचे. कट्टा बंद झाला. मावशींच्या हातात एक इंग्रजी पत्र पडलं. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. मुलगी मोबाईलच्या दुकानात कामाला होती, तिनं संध्याकाळी वाचून दाखवलं. वाचता वाचता एका शब्दाला ती अडली. 'रिडंडंट'. तिनं फोनमध्ये अर्थ शोधला.

"काय म्हणतोय?" मावशींनी विचारलं.

"अनावश्यक," मुलगी म्हणाली. "गरजेपेक्षा जास्त झालेलं."

"भाजीत मीठ जास्त होतं तसं," नवरा म्हणाला. त्याला वातावरण हलकं करायचं होतं, पण ते झालं नाही.

"एकवीस वर्षं मी वरकड होते का तिथं?" मावशी म्हणाल्या. त्या रात्री त्या जेवल्या नाहीत. 'रिडंडंट' हा मावशींनी शिकलेला पहिला इंग्रजी शब्द. मी शिकवायच्या आधीच त्यांना येत होता आणि त्यांनी तो माझ्यासमोर पहिल्या दिवशी शेणात पाय पडल्यावर माणूस बोलतो तसा उच्चारला.

नवी नोकरी शोधायला मावशी ज्या क्लासात आल्या, तिथं मी शिकवत होते. 'नोकरीसाठी इंग्रजी, तीनशे शब्दांत, तीन महिन्यांत.' औषधाच्या दुकानावरची एक लांबट खोली, वीस खुर्च्या, पांढरा फळा. जमिनीवर भिंतीपासून भिंतीपर्यंत चिकटवलेला गालिचा होता. छतातल्या एसीचं पाणी त्यावर ठिबकायचं आणि तो कधी पुरता वाळायचाच नाही. खिडकी खिळे ठोकून बंद केलेली. क्लासचे मालक स्वतःला 'डायरेक्टर' म्हणवून घेत. ते रोज सकाळी नऊ वाजता येऊन त्या कुबट गालिचावर लिंबाच्या वासाचा फवारा मारत आणि म्हणत, "फर्स्ट इम्प्रेशन!"

मावशी दारात आल्या, पाऊल आत टाकलं आणि थांबल्या. पदर नाकाला लावला.

"टीचर, इथं काहीतरी कुजलंय आणि त्याच्यावर कुणीतरी लिंबू पिळलंय," त्या म्हणाल्या.

सगळा वर्ग हसला. मीही हसले. त्या हसल्या नाहीत. दारालगतची खुर्ची ओढून त्या निम्म्या बाहेर, निम्म्या आत अशा बसल्या आणि क्लासात होत्या तोवर तिथंच बसल्या.

शिकण्यात मात्र त्यांनी सगळ्यांना मागे टाकलं. वय अठ्ठेचाळीस, शाळा सुटून जमाना झालेला, पण वहीत प्रत्येक शब्द आधी आपल्या लिपीत, मग इंग्रजीत, मग त्याचा अर्थ, मग त्यांचा स्वतःचा शेरा. तो शेरा मी गुपचूप वाचायची. 'एम्प्लॉयर' म्हणजे मालक, 'एम्प्लॉयी' म्हणजे नोकर. शेरा होता, "नुसतं शेपूट वेगळं. घाईत मालकाला नोकर म्हणू नये." 'हायर' म्हणजे कामावर घेणे, 'फायर' म्हणजे काढणे. "फरक एका अक्षराचा. ध्यानात ठेवायला सोपं, भोगायला नाही." 'लीव्ह' म्हणजे रजा, आणि 'लीव्ह' म्हणजे निघून जाणेसुद्धा. "म्हणजे आजारी पडलात तर निघा."

'अप्लाय' शिकवला त्या दिवशी त्यांनी हात वर केला.

"टीचर, हा शब्द आमच्या घरात आहे. ह्यांच्या गुडघ्याच्या मलमावर. त्यावर लिहिलंय अप्लाय म्हणून. मुलीनं सांगितलं, म्हणजे लावा."

"तिथं लावणे," मी म्हणाले. "इथं अर्ज करणे."

"म्हणजे मी त्यांना स्वतःला लावून बघायचं. दुखायचं थांबलं तर ठेवून घेतील."

वर्गात पुन्हा हशा. आमच्या क्लासात हसायला दुसरं काही नसायचं. वीस माणसं होती, वीसच्या वीस कुठून ना कुठून काढलेली, आणि मी त्यांना शिकवत होते की 'मला काढलं' असं म्हणायचं नाही, 'मी नव्या आव्हानाच्या शोधात आहे' असं म्हणायचं.

मावशींना खरी किळस यायला लागली ती अर्जाच्या कागदापासून. कागद, म्हणजे 'रेझ्युमे', डायरेक्टरांच्या संगणकात तयार असायचा. नाव आणि वय बदललं की झालं. मावशींसाठी मी त्यात नीट लिहिलं होतं: दुधाच्या कॅनची वासावरून पारख, एकवीस वर्षं. डायरेक्टरांनी ते वाचलं आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू मी जेवणाच्या ताटात नख टाकलंय.

"वास? वास हा शब्द कागदावर? सेन्सरी लिहा," ते म्हणाले. "सेन्सरी क्वालिटी एक्झिक्युटिव्ह. लॅबोरेटरी एक्स्पीरियन्स. पॅशनेट अबाउट डेअरी."

मी लिहिलं. दुसऱ्या दिवशी मावशी एकेका शब्दावर बोट ठेवून अर्थ विचारू लागल्या.

"लॅबोरेटरी म्हणजे ती काचेच्या नळ्यांची खोली ना? मी तिच्यात कधी पाय ठेवला नाही. आमच्या गमबुटांनी फरशी घाण होते म्हणून मनाई होती."

"लिहायची पद्धत असते मावशी."

"आणि हे पॅशनेट?"

मी अर्थ सांगितला. म्हणाले, एखाद्या गोष्टीचं वेड असणं, तिच्यावर जीव असणं.

"टीचर, मला दूध आवडत नाही," त्या म्हणाल्या. "एकवीस वर्षांत घोटभर प्यायले नाही. रोज तीनशे कॅनांत नाक घालून बघा, मग कळेल. मला खराब दुधाची चीड आहे. तुमच्याकडे चिडीला शब्द आहे का? असेल तर तो लिहा."

यादीत तो शब्द नव्हता.

मग मुलाखतीचा सराव झाला. डायरेक्टर टेबलामागे बसायचे आणि एकेकाला समोर बसवायचे. 'तुमचा सर्वांत मोठा दोष कोणता?' या प्रश्नाचं उत्तर आम्ही सगळ्यांना एकच पाठ करून घेतलं होतं: 'मी फार जास्त काम करतो.' त्या दिवशी आधी सुतार बसला, मग चौकीदार, मग शाळेतून काढलेली ग्रंथपाल बाई. तिघांनीही तेच सांगितलं, त्याच सुरात, मान थोडी तिरकी करून, जशी मी शिकवली होती तशी. चौथ्या मावशी. डायरेक्टरांनी विचारलं. मावशींनी तोंड उघडलं, मिटलं, आणि त्या उठल्या.

"काय झालं?"

"मळमळतंय," मावशी म्हणाल्या आणि जिन्यावर जाऊन बसल्या.

मी त्यांच्या मागे गेले. त्यांना पाणी दिलं.

"तो सुतार," त्या म्हणाल्या, "मला काल म्हणाला, त्याला दारूपायी काढलं. आता सोडलीये म्हणाला, पाच महिने झाले. हे सांगितलं तर कुणी त्याला घेणार नाही का?"

"नाही घेणार मावशी."

"मग त्याला खोटं शिकवायचं, आणि तेही असलं गुळगुळीत, की ऐकणाऱ्यालाही माहीत असतं." त्यांनी पेला माझ्या हातात परत दिला. "तुम्हाला कसं जमतं हो रोज?"

माझ्याजवळ उत्तर होतं. म्हातारी आई, लहान भाऊ, घरभाडं. ज्याला त्याला असतं तसलं उत्तर. ते मी दिलं नाही.

दोन महिन्यांनी डायरेक्टर नाचतच वर्गात आले. एका मोठ्या कारखान्यात जागा निघाली होती. दुधाची गोड पेयं बाटलीत भरून विकणारा कारखाना. त्यांना वासाची पारख असलेलं माणूस हवं होतं. मावशींचा कागद गेला आणि चौथ्या दिवशी बोलावणं आलं. डायरेक्टरांनी मला सोबत पाठवलं, मावशींना धीर द्यायला नाही, तर फाटकाजवळ त्यांचा फोटो काढायला. क्लासच्या जाहिरातीसाठी. मी काढला आणि त्यांच्यासोबत आतही गेले. फोटोत मावशी निळी साडी नेसून ताठ उभ्या आहेत आणि मागे कारखान्याची पाटी आहे.

मॅनेजर माझ्याच वयाचा होता. स्वच्छ, नम्र, दाढी नीट कोरलेली. त्यानं दोन प्रश्न इंग्रजीत विचारले, मावशींनी पाठ केल्याप्रमाणे दोन वाक्यं बोलून दाखवली. मग तो आपल्या भाषेवर आला आणि टेबलावर पाच पेले मांडले. पाचही पेल्यांत पांढरं दूध.

मावशींनी पदराला हात पुसले. पहिला पेला. "हे भुकटीचं." दुसरा. "भांडं करपलं होतं, वरवर घासलंय." तिसरा. "ताजं आहे, पण फ्रीजमध्ये कापलेल्या कांद्याशेजारी होतं." चौथा. "परवाचं." पाचव्यापाशी त्या थोड्या थांबल्या. "हे आजचं. चांगलं आहे. पण पेला कुणीतरी तोंड लावून मग धुतलाय."

मॅनेजर खुर्चीतून उठलाच. "सोन्यासारखं नाक आहे तुमचं!" तो म्हणाला. खरंच खूश झाला होता तो. मावशींचा चेहरा खुलला. कट्टा बंद झाल्यापासून त्यांना कुणी असं बोललं नव्हतं. मला त्यांचा हात धरावासा वाटला.

"चला, तुमची जागा दाखवतो," तो म्हणाला.

आम्हाला टोप्या दिल्या, पायांत पिशव्या दिल्या. समोरचा विभाग आरशासारखा होता, बाटल्या रांगेनं फिरत होत्या. आम्ही तिथं थांबलो नाही. मागच्या दारानं एका पत्र्याच्या शेडमध्ये गेलो. तिथं खोक्यांची चळत छताला लागली होती. आठ-दहा बायका खाली बसून त्या खोक्यांतल्या बाटल्या उघडत होत्या आणि आतलं एका मोठ्या पिंपात ओतत होत्या. बाटल्या फुगलेल्या होत्या. झाकण फिरवलं की फुस्स व्हायचं. एका बाटलीतून पातळ पिवळं पाणी आणि मग गठ्ठा पडला, ओला, जाड. बाईनं तो हातानं फोडून खाली ढकलला. माझ्यासारख्या साध्या नाकाच्या माणसालाही तिथं उभं राहवत नव्हतं. मावशींचं काय झालं असेल!

"हे काय?" त्यांनी विचारलं.

"रीवर्क," मॅनेजर म्हणाला.

मावशींनी माझ्याकडे बघितलं. हा शब्द आमच्या तीनशेत नव्हता.

"पुन्हा काम करणे," मी हळूच म्हणाले.

"दुकानांतून परत आलेला माल आहे," मॅनेजरनं समजावलं, अगदी शाळेतल्या मास्तरांसारखं. "तारीख उलटलेला. टाकून कसं चालेल? आपण तो उकळतो, गाळतो, साखर आणि व्हॅनिलाचा अर्क घालतो. ताज्या मालात थोडा थोडा मिसळतो. अडचण एवढीच की अर्क किती घालावा ते कळत नाही. कमी पडला तर लोकांच्या तक्रारी येतात, जास्त झाला तर खर्च वाढतो. यंत्राला ते समजत नाही. तुम्ही दर पिंपाचा वास घ्यायचा. आतला वास झाकला गेला की ह्या कागदावर सही करायची." त्यानं एक तक्ता पुढे धरला. वर इंग्रजीत एकच शब्द होता. मावशींनी तो अक्षर अक्षर लावून वाचला.

"ॲक्सेप्टेबल."

"म्हणजे स्वीकारण्याजोगं," मी म्हणाले. माझं मलाच ऐकू आलं, वर्गातला तो गोड आवाज.

"माझ्या आधी इथं कोण होतं?"

"एक बाई होत्या. त्यांनी सोडलं."

"हे पितं कोण?"

मॅनेजर हसला. "सगळेच. मुलं जास्त."

मावशी पिंपाशी गेल्या. का गेल्या मला अजून कळत नाही, सवय असेल. डावा हात पुढे केला, वाकल्या, आणि तशाच मागे सरकून त्यांनी तोंडावर पदर दाबला. खांदे दोनदा हिसकले. बाटल्या उघडणाऱ्या बायका हात थांबवून बघत होत्या. त्यांतली एक हसली, तिनं असं रोज कुणाचं तरी होताना बघितलं असावं.

"हळूहळू सवय होते," मॅनेजर म्हणाला.

"तीच नको," मावशी म्हणाल्या. "नॉट ॲक्सेप्टेबल."

"घाई नका करू मावशी. विचार करा. आमची ऑफर तीन दिवस ओपन आहे."

"ऑफरचं राहू दे. त्या पिंपाचं झाकण ओपन आहे, ते आधी बंद करा."

फाटकाबाहेर आल्यावर त्या नळाखाली कोपरापर्यंत हात धूत राहिल्या. मग मला म्हणाल्या, "ह्यांना खराब दूध ओळखणारा माणूस हवा होता तो ह्यासाठी! चोरानं कुलूपवाला कामाला ठेवावा तसं."

डायरेक्टरांना मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण ऑफर मिळाली ना?" मी हो म्हणाले. "मग झालं. ऑफर म्हणजेच प्लेसमेंट." आठवड्याच्या आत औषधाच्या दुकानावर फलक लागला. मावशींचा फोटो, माणसाच्या उंचीचा, खाली 'अभिनंदन' आणि ते 'सेन्सरी क्वालिटी एक्झिक्युटिव्ह'.

मावशींनी तो बसमधून बघितला. उतरल्या, औषधवाल्याकडून स्टूल आणि कात्री मागून घेतली आणि स्वतः चढून चारही दोऱ्या कापल्या. आवाज ऐकून डायरेक्टर खाली धावले.

"अहो, हे काय? आमची प्रॉपर्टी आहे ही!"

"तोंड माझं आहे," मावशी स्टुलावरूनच म्हणाल्या. "ते त्या घाणीच्या फाटकावर लावायला मी तुम्हाला दिलं नव्हतं."

रस्त्यावर माणसं जमली. डायरेक्टर हसत हसत सगळ्यांना सांगू लागले, की बाईंना ताण आलाय. मावशींनी फलक गुंडाळला आणि कोपऱ्यावरच्या कचराकुंडीत उलटा कोंबला. मी वरच्या मजल्यावर खिडकीशी होते. खिडकी उघडत नव्हती, हे कारण मी बरेच दिवस स्वतःला देत राहिले. जिना काही बंद नव्हता.

तिसऱ्या दिवशी त्या माझ्या घरी आल्या. सोबत मुलगी. अन्नपदार्थांची तपासणी करणाऱ्या कार्यालयात त्यांना तक्रार द्यायची होती. अर्ज इंग्रजीतच होता. आम्ही तिघी मिळून तो भरला. तारीख, जागा, काय पाहिलं. माझी आई आत भाजी चिरत होती, भाऊ अभ्यास करत होता. शेवटच्या रकान्याशी मुलीचा हात थांबला.

"साक्षीदार," ती म्हणाली. "प्रत्यक्ष पाहिलेलं दुसरं माणूस. नाव, पत्ता, सही."

दोघी माझ्याकडे बघू लागल्या.

"मावशी," मी म्हणाले, "माझी नोकरी आहे हो."

त्यांनी नाक मुरडलं नाही. मुरडलं असतं तर बरं वाटलं असतं. त्यांनी पेनाचं टोपण लावलं, कागदाची घडी घातली आणि आईला "येते हं" म्हणून निघाल्या. रकाना कोराच गेला. दोन महिन्यांनी कार्यालयाचं उत्तर आलं: तपासणीच्या दिवशी आक्षेपार्ह काही आढळलं नाही. तपासणीचा दिवस कारखान्याला आधीच माहीत होता, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. ते उत्तर मुलीनं मला फोनवर वाचून दाखवलं आणि फोन ठेवला. त्या दिवशी मी घरी येऊन दोनदा आंघोळ केली. पोटातली घाण कातडी घासून जात नसते.

मावशी क्लासात परत आल्या नाहीत. पण शब्द त्यांच्याकडे होते. त्यांनी स्वतःच एक पत्र लिहिलं, हातानं, आणि मुलीच्या दुकानातून त्याच्या सहा प्रती काढल्या. त्यातली एक मी पुढे पाहिली. इंग्रजीत चार ओळी होत्या. त्यांचा अर्थ असा: 'मी दुधाचा वास घेते. एकवीस वर्षं. दूध चांगलं असेल तर चांगलं म्हणते, खराब असेल तर खराब म्हणते. मला लवकर उठायची सवय आहे.' व्याकरणाच्या पाच चुका होत्या. आमच्या क्लासात मी त्या लाल शाईनं दुरुस्त केल्या असत्या आणि पत्राचा जीव घेतला असता.

सहा ठिकाणी त्या स्वतः जाऊन पत्र देऊन आल्या. एका बेकरीच्या दारवानानं त्यांच्यादेखत त्यावर चहाचा कप ठेवला. दोन ठिकाणी 'वय' म्हणाले, दोन ठिकाणी काहीच म्हणाले नाहीत. सहावं होतं एक रुग्णालय. तिथल्या स्वयंपाकघरात दोनशे रुग्णांचं जेवण होतं आणि रोज पहाटे दूध, अंडी, भाजी, पाव येतात. आहार बघणाऱ्या बाईंनी पत्र वाचलं आणि आधी त्या पोट धरून हसल्या. मग म्हणाल्या, "तुम्ही उद्या सकाळी येऊन नुसत्या उभ्या राहा, बघू." त्या सकाळी मावशींनी अंड्यांचे दोन ट्रे आणि पावाची एक रास परत पाठवली. पाववाला तावातावानं भांडला. बाईंनी पाव मोडून बघितला, आतून चिकट तार निघाली.

कार्डावर त्यांचा हुद्दा आहे 'हेल्पर'. नोकरी कंत्राटी, पगार डेअरीपेक्षा कमी. वास घेऊन झाला की मोरीची जाळी साफ करणं आणि उष्ट्याची पिंपं बाहेर ओढणं हेही त्यांच्याच गळ्यात आहे. मुख्य आचाऱ्याशी त्यांचं विळ्याभोपळ्याचं सख्य. तो म्हणतो, ह्या बाईमुळे रोज स्वयंपाकाला उशीर होतो. त्या म्हणतात, ह्याच्या फडक्यालाच आधी औषध द्यायला हवं.

गेल्या महिन्यात त्या मला बसथांब्यावर भेटल्या. कामावरून परत चालल्या होत्या, हातात रिकामा डबा. मी बोलायला जाऊ की नको अशी उभी होते, त्यांनीच हाक मारली. नवऱ्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, मुलीनं दुसरं दुकान धरलं, असं सगळं सांगितलं. मग विचारलं, "तुम्ही तिथंच?"

"तिथंच. आता यादी पाचशे शब्दांची झालीये."

"आणि तो सुतार?"

"लागला. उत्तर पाठ होतं त्याचं. फर्निचरच्या कारखान्यात आहे."

"बरं झालं," त्या म्हणाल्या, मनापासून. थोडं थांबून म्हणाल्या, "टीचर, तुम्ही चांगलं शिकवता. दुसरीकडे शिकवा की. रुग्णालयात काम करणाऱ्या आयांना फॉर्म वाचता येत नाहीत, रोज कुणाची तरी मनधरणी करतात."

"बघू मावशी," मी म्हणाले. "सध्या जरा अडचण आहे. पुढच्या वर्षी बघू."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांच्या तोंडाची एक बाजू खाली ओढली गेली, कडू काहीतरी चावल्यासारखी. तेवढ्यात त्यांची बस आली. त्यांनी डबा काखेत धरला, मला "बघा" एवढंच म्हणाल्या, आणि चढून पुढच्या दाराशी, वारा येतो तिथं, उभ्या राहिल्या.